अक्का आणि पाण्याचा पाळणा

आमच्या घराण्यात आजवर कुणी पाण्यावरून कुठे गेलेले नाही. पाणीच आमच्याकडे येत असे. नीरा डाव्या कालव्याच्या काठी आमचे गाव. कालवा हा शब्द फक्त सरकारी पावतीवरचा. एरवी लहानथोर सगळे त्याला पाटच म्हणत. पाटाला पाणी सुटले की गावाच्या चेहऱ्यावर तकाकी यायची आणि पाळी लांबली की भावाभावांत बोलणे बंद व्हायचे. ऊस, धुणी, म्हशींचे डुंबणे आणि पोरांचे पोहणे एवढाच पाटाचा उपयोग आम्हांला ठाऊक. १८८५ साली सुरू झालेल्या या कालव्यावर कागदाच्या होडीहून मोठे जहाज तरंगलेले माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा गेल्या मे महिन्यात बेल्जियममधला माझा भाचा मला म्हणाला, "मामा, शनिवारी आपण दिवसभर पाटातून हिंडायचं," तेव्हा मला वाटले, परदेशात राहून पोराचे मराठी बिघडले. पाटातून नव्हे, पाटाच्या कडेने हिंडायचे असते, असे मी त्याला शिक्षकी थाटात सांगितले. तो नुसता हसला.

भाचा म्हणजे आमच्या अक्काचा मुलगा. ल्यूव्हेनच्या विद्यापीठात शिकला आणि तिथेच नोकरीला लागला. आईने येऊन तीन महिने राहावे असा त्याचा हट्ट, आणि एवढ्या लांब मी एकटी जाणार नाही, बाळ येत असेल तर जाते, असा अक्काचा प्रतिहट्ट. हा 'बाळ' म्हणजे सत्तेचाळीस वर्षांचा, चाळिशीशिवाय वर्तमानपत्र न वाचता येणारा, महाविद्यालयात ज्ञानेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंत सर्वांना अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात कोंबणारा मी. कन्येची प्रवेशपरीक्षा असल्यामुळे आमच्या सौभाग्यवती घरीच राहिल्या. सुट्टीचे तीन आठवडे मी अक्काला पोचवायला म्हणून निघालो.

तसे आम्ही सर्वांना सांगितले. खरी गोष्ट अशी, की माझ्या हातपिशवीत एक निळी फाईल होती आणि तिच्यात हक्कसोडपत्राचा कच्चा मसुदा होता. गावातले आमचे पडके घर आणि पाटाकडेची तीस गुंठे जमीन यांना एक चांगले गिऱ्हाईक आले होते. २००५ च्या कायद्याने मुलींचा हिस्सा मुलांच्या बरोबरीचा झाला, हे मी इतरांना आवर्जून सांगतो. माझ्या स्वतःच्या घरात मात्र तो कायदा अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता. "बहिणी देतात हो सही," वकील म्हणाले होते, "काढा कधीतरी विषय." आमच्याकडे बहिणी भाऊबिजेला ओवाळतात आणि हक्कसोडपत्रावर सही करतात, दोन्ही वेळी त्यांना कुणी फारसे विचारत नाही. विमानात विषय काढीन म्हणून मी तीनदा फाईल बाहेर घेतली आणि तीनदा परत ठेवली. म्हटले, शनिवारी होडीत काढू. मोकळ्या हवेत मन मोकळे असते.

शनिवारी सकाळी मोटारीने आम्ही मॉन्स गावापाशी पोचलो. तिथे कालव्याला लागून एक मोठे तळे आहे आणि त्यात होड्या बांधून ठेवतात. भाच्याच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे सासरे आपली होडी घेऊन आमची वाट पाहत होते. साठी कधीच ओलांडलेले, निळ्या टोपीचे, पंजे फावड्याएवढे. गृहस्थांचा जन्मच मुळी मालवाहू नावेवर झालेला. त्यांचे वडील नाविक, आजोबा नाविक. तिकडच्या जुन्या नावा साडेअडतीस मीटर लांब आणि पाच मीटर रुंद. पुढे कोळसा आणि मागे दोन खोल्यांचा संसार. खिडक्यांना लेसचे पडदे, छतावर फुलांच्या कुंड्या आणि सायकली. मुले शाळेच्या वयाची झाली की नावाड्यांच्या मुलांसाठी काढलेल्या वसतिगृहांत जायची आणि आईबाप पुढल्या गावी माल घेऊन निघायचे. हे सारे म्हातारेबुवा फ्रेंचमध्ये सांगत, भाचा मराठीत आणी, आणि अक्का मध्येच "मग पोरं रडत नसत का?" असे विचारी. "रडत असू की," म्हातारेबुवा म्हणाले, "पण आमच्यापेक्षा आई जास्त रडायची."

होडी सुटली. पहिल्या पाच मिनिटांतच मला कळले, की या वाहनाला घाई ठाऊक नाही. काठावरची सायकलवरली पोरे हात हलवून आमच्या पुढे निघून जात होती. पण या संथपणात एक मजा असते. आगगाडीतून देश पळताना दिसतो. होडीतून तो बसलेला दिसतो. घरांचे दर्शनी भाग रस्त्याकडे आणि परसे कालव्याकडे, त्यामुळे बेल्जियमची आम्हांला भेट झाली ती परसदारीच. वाळत घातलेले कपडे, कोबीचे वाफे, लांबलचक गळ टाकून पुतळ्यासारखे बसलेले आजोबा, आणि दर फर्लांगाला त्यांच्याइतकाच स्तब्ध एक करडा बगळा. उंच पॉप्लरच्या रांगांतून वारा आला की पानांचा असा काही आवाज होई, की मला आमच्या पाटाकडेच्या पिंपळाची आठवण झाली.

"हा पाटच की रे!" अक्का म्हणाली. मी भाच्याकडे पाहिले. त्याने सभ्यपणाने दुसरीकडे पाहिले.

एवढ्यात समोरून एक अवाढव्य मालवाहू नाव आली. पाण्याच्या पातळीला कड टेकलेली, वाळूने शिगोशीग भरलेली. अशा नावेत १३५० टन माल मावतो, म्हातारेबुवा म्हणाले. "म्हणजे पंचवीस टनांचा ट्रक धरला तर चोपन्न ट्रक," अक्का लगेच म्हणाली. मी अजून पंचवीस चोक शंभरवरच होतो.

हाव्रे नावाच्या गावी आम्ही एका लॉकमध्ये शिरलो. लॉक म्हणजे पाण्याचा जिनाच म्हणा. खालच्या पाण्यातून होडी एका अरुंद, उंच भिंतींच्या खोलीत जाते, मागचे दार बंद होते, वरचे पाणी आत सोडतात आणि पाण्याबरोबर होडी वर चढते. मग पुढचे दार उघडते. इथली पायरी दहा मीटरांची. खाली असताना भिंती ओल्या, शेवाळलेल्या, विहिरीत उतरल्यासारखे गार वाटत होते. पंधरावीस मिनिटांत आम्ही उन्हात आलो आणि काठावरच्या गायी आमच्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहू लागल्या.

आता थोडे भूगोलाचे सांगायला हवे. बेल्जियममध्ये म्यूझ आणि स्खेल्ट या दोन मोठ्या नद्या आहेत. दोन्ही फ्रान्समधून येतात आणि दोन वाटांनी समुद्राकडे जातात. मधल्या उंचवट्यात कोळसा होता. कोळसा न्यायचा तर नद्या कालव्यांनी जोडायला हव्यात, आणि जोडायच्या तर नावांना डोंगर चढवायला हवा. या भागात सातएक किलोमीटरांत सहासष्ट मीटरांचा चढ आहे. लॉकच्या पायऱ्या बांधाव्यात तर त्या किती लागणार, आणि प्रत्येक वेळी वरचे पाणी खाली वाहून जाणार. वर तर मुळातच पाण्याची टंचाई. तेव्हा एडविन क्लार्क या इंग्रज इंजिनियराच्या योजनेप्रमाणे इथे नावांसाठी चार लिफ्ट बांधल्या. लिफ्टला आपल्या सरकारी कोशात 'उद्वाहक' असा शब्द आहे. तो मी आयुष्यात प्रथमच मोठ्याने उच्चारून पाहिला. अक्का म्हणाली, "पाळणा म्हण. जत्रेतला आकाशपाळणा नाही का?"

खरोखरच तो पाळणा होता. त्यू गावाशी रुंद कालवा सोडून आम्ही जुन्या, अरुंद कालव्यात वळलो आणि झाडांच्या आडून ते लोखंडी धूड एकदम पुढे आले. उंच जाळीदार खांब आणि त्यांमध्ये शेजारीशेजारी दोन लोखंडी हौद. प्रत्येक हौद त्रेचाळीस मीटर लांब, पावणेसहा मीटरांहून किंचित रुंद, काठोकाठ पाण्याने भरलेला. एक खाली, एक वर. प्रत्येक हौद एकाच प्रचंड दट्ट्यावर तोललेला. दट्ट्याची जाडी दोन मीटर. दोन्ही दट्टे जमिनीतल्या पाण्याने भरलेल्या नळकांड्यांत बसवलेले आणि ती नळकांडी एका नळाने एकमेकांना जोडलेली. वाफ नाही, वीज नाही. एक हौद खाली आला की त्याच्या दट्ट्याखालचे पाणी नळातून दुसरीकडे जाते आणि दुसऱ्या हौदाला वर ढकलते. यांतली पहिली लिफ्ट १८८८ साली दुसरा लिओपोल्ड या राजाच्या हस्ते सुरू झाली, बाकीच्या तीन १९१७ साली, पहिल्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना. १९९८ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. २००२ पर्यंत मालाच्या नावा इथूनच जात. आमचे म्हातारेबुवा बापाबरोबर कोळसा घेऊन या पाळण्यातून किती वेळा गेले, याची त्यांना स्वतःलाही मोजदाद नाही.

आमची होडी खालच्या हौदात शिरली. दार बंद झाले. मी म्हटले, "आता हा हौद आपल्या वजनानं जड झाला. वर कसा जाणार?" हा प्रश्न मी भाच्याला विचारला होता. उत्तर अक्काने दिले.

"जड कसा होईल? होडी आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते ना? तेवढं पाणी दारातून बाहेर गेलं. होडी आत आली काय नि न आली काय, हौदाचं वजन तेवढंच. आर्किमिडीज, बाळ."

"मग दोन्ही हौद सारखेच जड. हलणार कोण?"

अक्काने मान वर करून वरच्या हौदाकडे पाहिले. पदर खोचला, डोळ्यांवर हात धरला. "वरच्यात थोडं जास्त पाणी घेत असतील," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे तो जड होईल आणि खाली येईल."

भाच्याने हे म्हातारेबुवांना सांगितले. ते क्षणभर अक्काकडे पाहतच राहिले. वरचा हौद वरच्या कालव्यापेक्षा फूटभर खाली थांबवतात, त्यामुळे त्यात फूटभर पाणी जास्त येते, असे त्यांनी सांगितले. अक्काने बोटांवर हिशेब केला. "तीस सेंटिमीटर धरलं तर पंचाहत्तर टन. पुरे झालं की!"

कुणीतरी झडप उघडली. आवाज नाही, हिसका नाही. काठावरचे गवत खाली जाऊ लागले आणि शेजारचा हौद आमच्या बाजूने शांतपणे खाली उतरला. त्यात कुणी नव्हते. नुसते पाणी, आणि त्यात आभाळ. दोन्ही हौद मध्यावर आले तेव्हा क्षणभर आम्ही समोरासमोर होतो. मग तो खाली गेला आणि आम्ही वर.

म्हातारेबुवांनी टोपी काढली आणि अक्काला काहीतरी विचारले. भाचा गप्प. "काय म्हणतात?" तिने विचारले.

"विचारतायत, मादाम इंजिनियर आहेत का."

"नाही म्हणावं," अक्का हसून म्हणाली. "शिलाईचा क्लास आहे माझा."

भाच्याने ते कसे सांगितले कोण जाणे. मी मात्र कठड्याला धरून उभा होतो आणि मला पस्तीस वर्षांपूर्वीचे आमचे माजघर दिसत होते. १९९० साली दादा गेले. प्राथमिक शाळेतले मास्तर; मागे निवृत्तिवेतनाचे तुटपुंजे पैसे, आजारी आई आणि आम्ही दोघे. मी बारा वर्षांचा. अक्का एकोणिसाची, तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पदार्थविज्ञानात पहिली आलेली. पाटाकडच्या खोलीत तिचे टेबल होते आणि भिंतीवर तिने स्वतः काढलेली यंत्रांची चित्रे. जून उजाडला तेव्हा ते टेबल सरकवून तिथे शिलाईचे मशीन ठेवले होते. मी शाळेतून यायचो तेव्हा त्याचा खडखडाट ऐकू यायचा. तो थांबला तेव्हा माझे एम.ए. पुरे झाले होते. मधल्या काळात तिला सांगून आलेली स्थळे परत गेली. सव्विसाव्या वर्षी तिचे लग्न झाले.

हे मी विसरलो होतो असे नव्हे. उलट ते मी फार वेळा सांगितले आहे. शिक्षकदिनी, सत्कारात, रेडिओवरच्या एका भाषणात. माझ्या ललितलेखांच्या पुस्तकाची अर्पणपत्रिका 'त्यागमूर्ती अक्कास' अशी आहे आणि ती वाचून पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आले. अक्काच्या आले होते की नाही, हे मला आठवत नाही.

पाळणा सोडून आम्ही वरच्या कालव्यात आलो. इथे कालवा अगदी आमच्या पाटाएवढा. दोन्ही बाजूंनी झाडांची कमान, आणि काठाने ओढकऱ्यांची जुनी वाट. इंजिने येण्यापूर्वी घोडे आणि घोडे नसतील तिथे माणसे, बायकापोरांसकट, दोर खांद्यावर घेऊन नावा ओढीत. आज त्या वाटेने लोक सायकली हाकतात. मध्येमध्ये हाताने फिरवायचे पूल आहेत. आमच्याबरोबर काठाने येणारा कर्मचारी पुढे जाऊन ते उघडायचा आणि आम्ही गेलो की मिटायचा. म्हातारेबुवांच्या पत्नीने साखरेचा पोळीसारखा पसरट केक आणि कॉफी दिली. अक्काने डब्यातली मेथीची थालीपिठे काढली. दोघींना एकमेकींचे एक अक्षर कळत नव्हते, पण पीठ कसे मळले याची चर्चा अर्धा तास चालली.

मी अक्काशेजारी जाऊन बसलो. मला वाटले, हीच वेळ. पण तोंडातून निघाले ते भलतेच.

"अक्का, मघाशी तो हौद खाली गेला ना, तेव्हा मला आपलंच आठवलं. मी वर गेलो तो तू खाली आलीस म्हणून. केवढा त्याग..."

"तो शब्द नको," ती म्हणाली.

"कोणता?"

"त्याग. आणि ते त्यागमूर्ती तर मुळीच नको. मूर्ती झाली की तिला कुणी विचारत नाही, बाई, तुला बसायचंय की उभं राहायचंय." तिने थालीपिठाचा डबा नीट बंद केला. "तुला सांगू? मी त्याग केलाच नाही. त्याग करायचा तर आधी कुणी विचारावं लागतं. दादांचे दिवस झाले, मामा म्हणाले, पोरीचं काय, ती परक्याघरची. पोराचं शिक्षण थांबता कामा नये. आई रडत होती. मी हो म्हटलं नाही नि नाहीही म्हटलं नाही. तो हौद काय आपणहून खाली येतो? वरून कुणीतरी फूटभर पाणी भरतं, म्हणून येतो."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. यंत्र कसे चालते हे ज्या सुरात मघाशी सांगितले, त्याच सुरात हेही सांगितले. मला वाटते, त्यामुळेच मला काही बोलता आले नाही. अठ्ठेचाळीस मिनिटे न अडखळता बोलण्याचा पगार घेणारा मी, पाण्याकडे बघत बसलो.

तिसरा पाळणा झाला, दुसरा झाला. शेवटच्या पाळण्याच्या अलीकडे काठावर काही बैठ्या, लांबट बराकी दिसल्या. तिथे इटालियन मजूर राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर बेल्जियमला कोळसा हवा होता पण खाणीत उतरायला माणसे मिळेनात. १९४६ साली इटलीशी करार झाला: तुम्ही माणसे द्या, आम्ही कोळसा देऊ. हजारो तरुण आगगाड्या भरून आले. कुणी खाणींत गेले, कुणी पोलादाच्या कारखान्यांत. इथून जवळच मार्सिनेल गावी ८ ऑगस्ट १९५६ रोजी खाणीला आग लागली आणि २६२ माणसे मेली. त्यांत १३६ इटालियन होते. म्हातारेबुवांनी इंजिन थोडे मंद केले. ते तेव्हा लहान होते, पण आईने नावेवरच्या खिडकीचे पडदे ओढून घेतलेले त्यांना आठवते. आणि ज्या लिओपोल्ड राजाने ही पहिली लिफ्ट सुरू केली, त्याच्या कारकिर्दीत काँगोतल्या माणसांनी रबरासाठी काय भोगले, ते इतिहासात नमूद आहेच. ज्या सुबत्तेचे आम्ही सकाळपासून कौतुक करीत होतो, तिचा दुसरा हौद कुठेकुठे खाली गेला होता, हे त्या बराकींनी न बोलता सांगितले.

पहिली लिफ्ट चढून आम्ही माथ्यावर आलो आणि पुन्हा नव्या, रुंद कालव्याला लागलो. इथे एक नवलच पाहिले. सार या ठिकाणी कालवा पुलावरून जातो. खाली हमरस्ता, मोटारी गोल वळसा घालून चाललेल्या, आणि त्यांच्या डोक्यावरून सुमारे पाचशे मीटर लांबीच्या काँक्रीटच्या नळीतून पाणी आणि पाण्यावरून आम्ही. म्हातारेबुवांनी अक्काला खूण केली आणि सुकाणूचे चाक तिच्या हाती दिले. मला वाटले, ती नको म्हणेल. तिने चष्मा सारखा केला, साडीच्या निऱ्या जरा वर खोचल्या आणि उभी राहिली. होडी एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे, मग सरळ झाली. पाचशे मीटर अक्काने होडी हाकली. भाचा फोटो काढत होता. मला तिचा चेहरा पाहायचा होता. तो चेहरा मी पूर्वी पाहिला होता. भिंतीवर यंत्राचे नवे चित्र लावताना.

पुढे स्ट्रेपी-त्यूचा नवा पाळणा. नवा म्हणजे १९८२ साली बांधायला घेतलेला आणि २००२ साली सुरू झालेला. उघड्या रानात शंभर मीटरांहून उंच इमारत उभी आहे. जुन्या चार पाळण्यांचे काम ती एकटी करते: एका दमात ७३ मीटर. २०१६ साली चीनमध्ये याहून उंच लिफ्ट सुरू झाली, तोवर जगात हिला जोड नव्हती. हौद ११२ मीटर लांब, १२ मीटर रुंद; त्यात मघाची ती वाळूची नाव आरामात मावते. आमची होडी त्यात परातीत ठेवलेल्या सुपारीसारखी दिसत होती.

मला काही ते आवडले नाही. "जुन्या पाळण्यांत काव्य होतं," मी म्हणालो. "हा नुसता कारखाना."

अक्काचे लक्ष नव्हते. शेजारच्या हौदाकडे बोट दाखवून तिने विचारले, "आपण खाली गेल्यावर तो वर जाणार का रे?"

भाच्याने म्हातारेबुवांना विचारले. नाही. दोन्ही हौद वेगळे. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या वजनाइतके काँक्रीटचे भार पोलादी दोरांनी जोडलेले, आणि दोरांना हलवायला विजेच्या मोटारी. एकाचे दुसऱ्याशी काही देणेघेणे नाही.

"म्हणजे एकानं वर जायचं म्हणून दुसऱ्यानं खाली यायला नको," अक्का म्हणाली. "हे बरं. तुझं काव्य राहू दे, बाळ. हे बरं आहे."

हौद उतरू लागला. खालचे रान हळूहळू वर येत होते. "ती निळी फाईल कसली रे?" अक्काने विचारले. "विमानात तीनदा काढलीस नि ठेवलीस. आजही पिशवीत आहे."

मी फाईल दिली. खाली यायला सातएक मिनिटे लागतात. तेवढ्यात तिने मसुदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "'स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय' असं लिहिलंय."

"तसं सगळ्याच कागदांत असतं, अक्का."

"असेल. पण तू मला विचारतोयस, की सही मागतोयस?"

होडीचे इंजिन बंद होते. म्हातारेबुवा आणि त्यांची पत्नी पाठमोरी उभी होती. भाचा आपल्या आईकडे पाहत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला तो प्रश्न विचारला, आणि विचारताना माझा आवाज बारा वर्षांच्या मुलासारखा फुटला: "अक्का, तुला काय हवंय?"

ती बराच वेळ बोलली नाही. समोरचे दार वर उचलले गेले, खालच्या कालव्याचे पाणी चमकले. "सांगते," ती म्हणाली. "घाई नाही ना? इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, त्यामुळे उत्तर तयार नाही माझ्यापाशी."

मॉन्सला परतलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते, पण मे महिन्यातले तिकडचे ऊन मावळायला तयार नव्हते. निरोप घेताना म्हातारेबुवांनी सर्वांशी हस्तांदोलन केले आणि अक्कापुढे टोपी काढली.

ऑगस्टमध्ये अक्का परतली. गिऱ्हाइकाला मी नकार कळवला आहे. वकिलांनी मला वेड्यात काढले. घराच्या आणि जमिनीच्या उताऱ्यावर दोघांची नावे लावण्यासाठी तलाठी कार्यालयात हेलपाटे चालू आहेत. पाटाकडची खोली अक्काने मागून घेतली. थंडीचे चार महिने तिथे राहून गावातल्या नववी-दहावीच्या मुलींना शास्त्र आणि गणित शिकवायचे, असे तिच्या मनात आहे. शिलाईचे मशीन मात्र ती टाकणार नाही म्हणते. त्याने तिचे काही वाकडे केलेले नाही. छपराची डागडुजी दोघांनी अर्धीअर्धी करायची ठरली आहे.

यंदाची भाऊबीज त्या घरात आहे. दर वर्षी मी तबकात साडी घालतो. रंग आमच्या सौभाग्यवती निवडतात. यंदा मी साडी घेतलेली नाही. काय हवे ते अक्काला पत्र लिहून विचारले आहे. उत्तर अजून यायचे आहे.